नाटक बसताना

मंगळवार, 26 सप्टेंबर 2023

दार उघडल्या उघडल्या आत्याने विचारलं, "एवढा प्रवास करून नाटक बघायला आलीस, आणि तेही अजून पुरतं न झालेलं?"

आत्या न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहते. अडतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिने ब्रॉडवेवर, म्हणजे शहराच्या नाटकांच्या मुख्य वस्तीत, एकही नाटक पाहिलेलं नाही आणि त्याचा तिला किंचित अभिमानही आहे. मी तिला प्रिव्ह्यूचं प्रकरण समजावून सांगायला बसले. आपल्याकडे रंगीत तालीम होते, नारळ फुटतो आणि थेट शुभारंभाचा प्रयोग. नाटक खरं 'बसतं' ते पुढच्या दहा-पंधरा प्रयोगांत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त मोठ्याने कुणी म्हणत नाही. ब्रॉडवेवाले ते उघडपणे मान्य करतात. उद्घाटनाआधी दोन-तीन, कधी चार आठवडे तिकीट लावून प्रयोग होतात. दुपारी तालीम, रात्री प्रयोग. काल रात्री जिथे हशा आला नाही ते वाक्य आज बदललेलं असू शकतं. उद्घाटनाच्या दोन-चार दिवस आधी नाटक गोठवतात, म्हणजे यापुढे बदल नाही, आणि मग समीक्षकांना बोलावतात. तोवर त्यांनी लिहायचं नाही, असा संकेत आहे.

"मग तिकीट अर्धं असेल," आत्या म्हणाली.

नाही. तिकीट पूर्ण. पूर्वी प्रिव्ह्यूला सूट असायची म्हणतात. आता बाल्कनीतल्या मागच्या खुर्चीला मी एकशे एकोणऐंशी डॉलर मोजले. आकडा ऐकून आत्या चहा टाकायला उठली. ती अस्वस्थ झाली की चहा टाकते.

संध्याकाळी झोप अनावर होत असूनही एक चक्कर मारून आले. टाइम्स स्क्वेअरच्या उत्तरेला सवलतीच्या तिकिटांच्या खिडक्या आहेत, 1973 पासून. त्यांच्या डोक्यावर काचेच्या लाल पायऱ्या. पायऱ्या ओल्या होत्या तरी माणसं बसली होती. त्याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

बुधवार, 27 सप्टेंबर

ज्यासाठी आले ते नाटक: 'मेरिली वी रोल अलाँग'. संगीत आणि गीतं स्टीव्हन सोंडहाइम यांची, संहिता जॉर्ज फर्थ यांची. मुळात 1934 चं कॉफमन आणि हार्ट यांचं गद्य नाटक; त्याचं संगीत रूप 1981 मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि उद्घाटनानंतर अवघ्या 16 प्रयोगांत बंद पडलं. पुढे लंडन, बॉस्टन, न्यूयॉर्कमधलीच छोटी नाट्यगृहं, असं फिरत फिरत सतत दुरुस्त होत राहिलं. पण ब्रॉडवेवर परतलं ते आत्ता, बेचाळीस वर्षांनी. नव्या संचात. पहिला प्रिव्ह्यू 19 सप्टेंबरला झाला, उद्घाटन 10 ऑक्टोबरला. मी बरोबर मधे येऊन टपकले होते.

हडसन थिएटर 44व्या रस्त्यावर आहे, 1903 चं. मधल्या काळात ते नाइटक्लब झालं, एका हॉटेलचं सभागृह झालं आणि 2017 मध्ये पुन्हा नाट्यगृह म्हणून उघडलं. तेही सोंडहाइमच्याच एका नाटकाने. साडेनऊशेच्या आसपास खुर्च्या. म्हणजे आपल्या सवयीच्या मोठ्या नाट्यगृहासारखंच, फक्त उंचीवर रचलेलं.

रांगेत उभं राहिल्यावर पाच मिनिटांत कळलं की इथे दोन वेगळ्या जत्रा एकाच देवळात आल्या आहेत. एक जत्रा डॅनियल रॅडक्लिफची, म्हणजे सिनेमातल्या हॅरी पॉटरची; इथे तो चार्ली झालाय. विशीतल्या मुली, काहींच्या गळ्यात जादूच्या शाळेचे मफलर (सप्टेंबरात!). त्यांना सोंडहाइम कोण हे कळून घ्यायची फारशी घाई नव्हती. दुसरी जत्रा दर्दींची. आपल्याकडे जुन्या संगीत नाटकाला जे लोक पदं तोंडपाठ करून येतात आणि गायकाने एक तान जरी कमी घेतली तरी शेजाऱ्याच्या मांडीवर चापट मारून नोंदवतात, तीच जात. माझ्या पुढचे दोघे पहिल्या रात्रीही येऊन गेले होते आणि नेपथ्यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. एकाचं म्हणणं, एवढे पैसे घेऊन एकच फिकट भिंत आणि काचा दाखवता? दुसऱ्याचं म्हणणं, तो त्या माणसाचा बंगला आहे, सगळ्या आठवणी तो त्या बंगल्यातच बसून बघतोय, मग दहा ठिकाणं दाखवायची कशाला? मी नाटक पाहिलं नव्हतं तरी मनातून दुसऱ्याच्या बाजूने झाले.

गोष्ट अशी. फ्रँक, चार्ली आणि मेरी, तीन मित्र. फ्रँक चाली लावतो, चार्ली शब्द लिहितो, मेरी लेखिका आहे. नाटक सुरू होतं 1976 मध्ये. फ्रँक हॉलिवूडचा श्रीमंत निर्माता झालाय, चार्लीशी बोलणं तुटलंय, मेरी दारूत बुडाली आहे. आणि तिथून नाटक मागे मागे जात 1957 ला थांबतं. प्रत्येक प्रवेश आधीच्यापेक्षा काही वर्षं अलीकडचा नाही, पलीकडचा. आपण भांडण आधी बघतो, मैत्री नंतर.

पडदा नव्हताच. दिवे मंदावले, फ्रँक झालेला जॉनथन ग्रॉफ एकटा उभा दिसला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्याला थांबावं लागलं. आपल्याकडच्या एंट्रीच्या टाळीची आठवण झाली. पण खरी दाद पडली ती पुढे, चार्ली टीव्हीच्या मुलाखतीत मित्राची जाहीर चिरफाड करतो त्या गाण्याला. शब्दांची नुसती सरबत्ती. श्वास घ्यायला जागा नाही, आणि मधेच राग उतरून त्या माणसाचं दुःख दिसतं. रॅडक्लिफने ते संपवलं तेव्हा मफलरवाल्या मुली आणि दर्दी एकाच वेळी ओरडले. तोपर्यंत मला वाटत होतं की त्याला नावासाठी घेतलंय. मी माझे शब्द गिळले.

माझ्या डाव्या हाताला एक गृहस्थ होते, पासष्टीच्या घरातले. अंगात कोट, मांडीवर प्रोग्रॅमची पिवळी पुस्तिका. पूर्ण अंक ते हलले नाहीत. मध्यंतरात सगळे उठले, ते उठले नाहीत. मी विचारलं, पहिल्यांदाच बघताय का? ते म्हणाले, "दुसरा अंक रंगमंचावर बघायची ही माझी तिसरी वेळ, आणि तिन्ही याच आठवड्यातल्या." मग म्हणाले, पहिला अंक मात्र मी 1981 मध्येही पाहिला होता.

तेव्हा ते कॉलेजात होते. ऑक्टोबरातला प्रिव्ह्यू. सोंडहाइम आणि दिग्दर्शक हॅल प्रिन्स ही त्या काळची सर्वांत दबदब्याची जोडी. 'कंपनी'पासून 'स्वीनी टॉड'पर्यंत एकामागून एक नाटकं. नवीन काय करतात ते सगळ्यांच्या आधी बघायचं म्हणून ते मित्रांबरोबर गेले. रंगमंचावर सगळी कोवळी मुलं, चाळिशीतल्या माणसांच्या भूमिकेत. कोण कोणाचा कोण, कळेना. मध्यंतरात मित्र म्हणाले, चला. ते गेले. "बाहेर पडलो ते पडलोच, वर दोन आठवडे जो भेटेल त्याला सांगत होतो की वाईट आहे."

यावर काय बोलायचं असतं? मी म्हटलं, तुम्ही एकटेच थोडे होतात.

"तेच तर," ते म्हणाले. घंटा झाली.

दुसऱ्या अंकाबद्दल एकच सांगते. पहिल्या अंकात घटस्फोटाच्या वेळी फ्रँकची बायको बेथ एक गाणं म्हणते, 'नॉट अ डे गोज बाय'. त्यात कडवटपणा काठोकाठ. दुसऱ्या अंकात तेच गाणं परत येतं, पण आता आपण मागे गेलोय, त्यांच्या लग्नात. तेच शब्द शपथेसारखे येतात. फ्रँक म्हणतो, बेथ म्हणते, आणि बाजूला उभी असलेली मेरीही म्हणते, कारण तिचंही त्याच्यावर प्रेम आहे आणि हे आपल्याशिवाय कोणाला माहीत नाही. मेरी झालेली लिंडसे मेंडेझ त्या वेळी काहीही 'करत' नव्हती. नुसती उभी होती. पुनरावृत्ती मूळ गाण्याच्या आधीच्या काळात घडते, असं दुसऱ्या कुठल्या संगीत नाटकात मी पाहिलेलं नाही. शेजारच्या गृहस्थांनी चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणजे त्यांना आता दिसायला नको होतं.

बाहेर पडताना मागच्या रांगेत कोणीतरी मांडीवर वही घेऊन छोट्या दिव्यात अजून लिहीत होतं. दिग्दर्शिका मारिया फ्रीडमन की त्यांची कोणी सहायक, अंधारात कळलं नाही. फ्रीडमन यांनी 1992 मध्ये इंग्लंडात स्वतः मेरीची भूमिका केली होती, आणि याच नाटकाचं त्यांनी 2012 मध्ये लंडनमध्ये दिग्दर्शन केलं, ते या संचाचं मूळ. एका नाटकाशी तीस वर्षं संसार.

गुरुवार, 28 सप्टेंबर

पाय मोडेपर्यंत चालले. सकाळी 45व्या रस्त्यावरचं ब्रॉडवेचं संग्रहालय. गेल्याच वर्षी उघडलंय. बरं आहे. फोटो काढायला जागा जरा जास्तच केल्या आहेत असं माझं मत. त्याला खेटून लायसियम थिएटर. हेही 1903 चं, हडसनच्या पाठोपाठ काही दिवसांनी उघडलेलं आणि अजून चालू असलेलं. मग 39व्या रस्त्यावरचं नाटकांच्या पुस्तकांचं दुकान. तिथे मी ठरवलं होतं त्याच्या तिप्पट वेळ आणि दुप्पट पैसे गेले. तपशील आत्याला सांगितलेला नाही, इथेही नको.

दुपारी मुद्दाम 52व्या रस्त्यावर गेले. 1981 मध्ये 'मेरिली' जिथे पडलं ते अल्विन थिएटर. दोन वर्षांनी त्याचं नाव बदलून नील सायमन थिएटर झालं. सध्या तिथे मायकल जॅक्सनवरचं नाटक चालू आहे. दारावर चकचकीत टोपी आणि मोजे. समोरच्या फुटपाथवर उभी राहून मी विचार करत होते की मध्यंतरात बाहेर पडलेली मंडळी कुठल्या दिशेने गेली असतील, सबवेकडे की बारकडे. असल्या विचारांना काही अर्थ नसतो, पण त्यासाठीच तर आपण अशा जागा बघायला जातो.

पूर्वी मोठी संगीत नाटकं न्यूयॉर्कला आणण्याआधी बॉस्टन, न्यू हेवन, फिलाडेल्फिया इथे लावून बघत. तिकडे पडली तर तिकडेच. दुरुस्त होऊन इकडे येत. 'मेरिली'च्या वेळी खर्च वाचवायला हा दौरा गाळला आणि दुरुस्ती थेट न्यूयॉर्ककरांच्या डोळ्यांदेखत करायचं ठरलं. गावभर बभ्रा झाला. मुख्य नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला, बनवून घेतलेले कपडे टाकून दिले आणि त्याऐवजी सगळ्यांना स्वेटशर्ट घातले, त्यावर पात्राचं नाव किंवा नातं छापलेलं. प्रेक्षकांना कोण कोण ते कळावं म्हणून. याहून मोठी कबुली कोणती? पुढे प्रिन्स आणि सोंडहाइम वीसेक वर्षं एकत्र नवं काही करू शकले नाहीत.

आज रात्री शहराच्या पश्चिम टोकाला, द शेड या कलाकेंद्रात, सोंडहाइमच्या शेवटच्या संगीत नाटकाचाही पहिला प्रिव्ह्यू होता. ते नोव्हेंबर 2021 मध्ये गेले. ते नाटक त्यांच्या पश्चात लागतंय. माझ्याकडे तिकीट नव्हतं, आणि ऐपत तर पुस्तकांच्या दुकानातच संपली होती.

शुक्रवार, 29 सप्टेंबर

पाऊस.

म्हणजे कसा, तर सकाळी आमचे दोघींचे फोन एकदम किंचाळले. पुराचा इशारा. गव्हर्नरबाईंनी आणीबाणी जाहीर केली. सबवेचे कितीतरी मार्ग बंद, ब्रुकलिनमध्ये बस पाण्यात. जेएफके विमानतळावर दिवसभरात 8 इंचांहून जास्त पडला, तिथल्या नोंदींतला विक्रम. सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयात पाणी इतकं चढलं की एक समुद्रसिंहीण तळ्याबाहेर पोहून आली, इकडेतिकडे बघितलं आणि परत आत गेली. आत्या मूळची दादरची. खिडकीत उभी राहून म्हणाली, "हिंदमाताला हे दर जुलैत होतं, आमच्यासाठी कोणी फोन वाजवला नाही."

दिवसभर घरात. मी फोनवर 1981 च्या मूळ संचाचं ध्वनिमुद्रण लावलं. नाटक 28 नोव्हेंबरला बंद पडलं आणि ती सगळी मुलं दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन हे गायली. ऐकताना ते सतत मनात राहतं. आवाज कच्चे आहेत, काही ठिकाणी ताणलेले, पण परवा जो संच मी पाहिला त्यात हे नाही, आणि असूही शकत नाही. ग्रॉफ, मेंडेझ, रॅडक्लिफ सगळे पस्तिशी-चाळिशीच्या आसपास; ते थकलेपण खरं आणतात आणि तारुण्य अभिनयाने. 1981 च्या मुलांचं नेमकं उलट. माझं मत विचाराल तर हे नाटक मोठ्यांनीच करावं. पण दर्दींच्या त्या रांगेत अजूनही एक पंथ होता, ज्यांना पहिली मांडणीच हवी. तेव्हा नाटकाला शाळेच्या पदवीदानाची चौकट होती, तिचं एक समूहगीत होतं. 1985 च्या नव्या मांडणीत ते गेलं, सुरुवातीच्या पार्टीचं गाणंही बदललं. ते ध्वनिमुद्रणावर अजून आहेत. म्हणजे ज्यांनी तबकडी घासघासून ऐकली त्यांच्या कानात एक नाटक आणि रंगमंचावर दुसरंच.

आत्या भाजी चिरत ऐकत होती. तीन गाण्यांनंतर म्हणाली, "हा मुलगा चांगला गातोय गं. याला कशाला पाडलं?" मग मी तिला सगळं सांगितलं, बाल्कनीतल्या गृहस्थांसकट. ती काही बोलली नाही. दहा मिनिटांनी म्हणाली, "उद्याचं तिकीट मिळेल का एक जास्तीचं? पुढचं. मला जिने नकोत."

किमतीवर या वेळी चहा टाकला नाही. मी टाकला.

शनिवार, 30 सप्टेंबर

तळमजला, मागची रांग. आत्याने ठेवणीतली साडी नेसली होती, वर रेनकोट. "कोणीच नटून आलं नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. प्रोग्रॅममध्ये एक सुटी चिठ्ठी होती. तिने ती चार वेळा वाचली आणि पर्समध्ये नीट ठेवली, तिकीट समजून.

आज मी बदल टिपायचे ठरवून बसले होते. बुधवारपासून तीन दिवस, काहीतरी हललं असणार. मागे बसलेली दोन मुलं तर यादीच करत होती: अमुक ठिकाणी दिवा आधी गेला, तमुक वाक्याला थांबा वाढवलाय. मला एक-दोन जागी हशा लवकर आला असं वाटलं. पण खरं सांगायचं तर नट बदलले की प्रेक्षक की मीच, ते सांगता येईना. पहिल्या दिवशी मी गोष्ट शोधत होते. आज गोष्ट माहीत होती, त्यामुळे पहिल्या प्रवेशातल्या कडवट वाक्यांमागे शेवटचा प्रवेश दिसत होता. उलटं नाटक दुसऱ्यांदा बघितलं की सरळ होतं. निर्मात्यांना हे बरं जमलंय, दोनदा तिकीट काढायला लावतात.

मध्यंतरात आत्याने गुडघा धरला. "चल, निघू या का? कळलं मला. सगळ्यांचं वाटोळं झालंय, आता आणखी काय दाखवणार?"

मी नुसतं तिच्याकडे बघितलं.

तिला दोन सेकंद लागले. मग म्हणाली, "म्हणजे आता उठले तर बेचाळीस वर्षांनी परत यावं लागेल? तेव्हा मी एकशे दहाची असेन. बस खाली. आणि ते आइस्क्रीम वगैरे मिळतं का बघ."

शेवटचा प्रवेश 1957 चा आहे. पहाटेची वेळ, एका इमारतीची गच्ची. फ्रँक आणि चार्ली दोघं स्पुटनिक, रशियाचा पहिला उपग्रह, आकाशातून जाताना बघायला वर आलेत, आणि तिथे त्यांना मेरी पहिल्यांदा भेटते. तिची आणि त्यांची ओळखही नाही अजून. वर काहीच दाखवत नाहीत, फक्त ते तिघं वर बघतात. नाट्यगृहभर नाकं ओढल्याचा आवाज. बुधवारी मला वाटलं होतं की हे त्या दर्दींचं, इतकी वर्षं वाट बघितल्याचं रडणं. आज शेजारी आत्या होती. सोंडहाइमचं नाव तिने चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तीही पदराने डोळे पुसत होती. मफलरवाली एक मुलगी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकवून बसली होती. माझी दोन जत्रांची मांडणी तिथे मोडली.

टाळ्यांना सगळे उभे राहिले. आत्या बसूनच वाजवत होती, जोरजोरात.

बाहेर कलाकारांच्या दाराशी लोखंडी कठडे आणि त्यापलीकडे इतकी गर्दी की पोलीस रस्ता मोकळा करत होते. त्यात तो बाल्कनीवाला कोट दिसतो का, मी टाचा उंचावून पाहिलं. नाही दिसला. आत्याने विचारलं, "कोणाला शोधतेस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तो इथे कशाला उभा राहील? त्याला सही नकोय."

गाडी बराच वेळ आली नाही. कालच्या पाण्यानंतर मार्ग अजून पुरते सुरळीत झाले नसावेत. फलाटावर बाकावर बसून आत्या कोडं सोडवल्यासारखी बोटं मोजत होती. घटस्फोट, मग लग्न, त्याच्या आधी गच्ची. मग एकदम म्हणाली, "मी आले तेव्हा या बाजूला माझी एक मैत्रीण राहायची. केरळची. आम्ही रात्रपाळी संपवून सकाळी याच स्टेशनावर डोनट खायचो. नंतर काहीतरी झालं. पैशावरून."

"काय झालं?"

"ते नंतरचं," आत्या म्हणाली. "डोनट आधी ऐक."

गाडी आली तेव्हा ती 1986 च्या हिवाळ्यात होती.